मिनरल मेकअप आणि ऊन: कुठल्या त्वचेला काय मानवतं

लूज पावडरच्या डबीवर ‘मिनरल’ आणि ‘एसपीएफ १५’ असं छापलेलं असतं आणि ते वाचून बरेच जण सनस्क्रीनचा खर्च वाचला असं धरून चालतात. हिशेब करून पाहू. एसपीएफचा आकडा, म्हणजे भाजणाऱ्या उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचं माप, प्रयोगशाळेत काढतात तो त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम माल लावून. चेहरा आणि गळ्याची पुढची बाजू मिळून साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरली, तर एका वेळेला १.२ ग्रॅम पावडर लागेल. डबीत असते ६ ते ८ ग्रॅम. म्हणजे छापलेल्या आकड्याइतकं संरक्षण रोज हवं असेल तर आठवडाभरात डबीचा तळ दिसायला हवा. ती तीन-चार महिने पुरते, याचा अर्थ चेहऱ्यावर जातो तो त्या मापाचा अगदी किरकोळ भाग. एवढी पावडर खरोखर लावली तर माणूस पिठाच्या गिरणीतून बाहेर आल्यासारखा दिसेल, ते वेगळंच.

म्हणून पहिली वाटणी पक्की करून टाका: उन्हाचं काम खालच्या क्रीमचं, रंगाचं काम वरच्या पावडरचं. पावडरीत एसपीएफ असला तर उत्तम, पण तो जमेस धरायचा नाही. खाली ३० आणि वर १५ मिळून ४५ होत नाहीत.

डबीत असतं काय

‘मिनरल’ हा शब्द डबीवर कोणीही छापू शकतो. त्यामुळे शब्द सोडा, घटक पाहा. पावडरीचा मोठा भाग बहुतेक वेळा अभ्रकाचा असतो. यादीत तो मायका किंवा सेरिसाइट म्हणून दिसतो. सोबत सिलिका, काओलिन म्हणजे पांढरी चिकणमाती, कधी टाल्क म्हणजे आपलं शंखजिरं. रंग येतो तो आयर्न ऑक्साइडचा. दारातल्या रांगोळीखाली सारवतात त्या गेरूचा लाल रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच. मेकअपमधला तोच, फक्त शुद्ध करून बारीक केलेला. झाकण्याची ताकद टायटॅनियम डायऑक्साइड देतं, आणि थोडं झिंक ऑक्साइड.

सनस्क्रीनमध्ये यातले शेवटचे दोनच कामाचे. टायटॅनियम यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे किरण, चांगले अडवतं. लांब पल्ल्याच्या यूव्हीएला, म्हणजे खोल जाऊन रंग काळवंडवणाऱ्या किरणांना, ते कमी पुरतं. झिंकचा पल्ला दोन्हीकडे. म्हणून मिनरल सनस्क्रीन घेताना झिंक असलेलंच घ्या. टक्केवारी छापली असेल आणि एकट्या झिंकवर सगळी मदार असेल, तर १५ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान आकडा हवा. ५ टक्के झिंक आणि एसपीएफ ५० असा दावा दिसला, तर काम दुसरंच काहीतरी करतंय असं समजा.

ते दुसरं बरेचदा यादीतच सापडतं. ‘शंभर टक्के मिनरल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक ट्यूबांमध्ये ब्युटाइलऑक्टिल सॅलिसिलेट असतं. त्याची गणती फिल्टरमध्ये, म्हणजे किरण अडवणाऱ्या घटकांमध्ये, होत नाही, पण ते ऑक्टिसॅलेट या केमिकल फिल्टरचं सख्खं भावंड आहे आणि एसपीएफचा आकडा वर ढकलतं. यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र केमिकल फिल्टरची अ‍ॅलर्जी आहे म्हणून जो मिनरलकडे वळला, त्याला हे नाव ठाऊक असलेलं बरं.

मिनरल कण आरशासारखे किरण परतवतात, ही समजूतही सोडून द्या. झिंक आणि टायटॅनियम अतिनील किरण मुख्यतः शोषूनच घेतात. परतवतात ते जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा चेहरा जितका पांढरा तितकं संरक्षण जास्त, असं काही नाही. पांढरेपणा हा डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचा खेळ आहे.

ट्यूब हातात घेतल्यावर

रोजच्या वापराला एसपीएफ ३० पुरतो, पण नीट मापाने लावला तर. ३० मधून यूव्हीबीचा सुमारे ३.३ टक्के भाग आत येतो, ५० मधून २ टक्के. फरक फारसा नाही. तरी ५० सुचवतात, कारण माणसं निम्मंच लावतात आणि निम्म्या मापाला आकडाही निम्म्यावर किंवा त्याखाली येतो. यूव्हीएसाठी ‘पीए’ पाहा. ही जपानी पद्धत आहे: + जितके जास्त, तितकं संरक्षण जास्त. +++ च्या खाली जाऊ नका, सावळ्या त्वचेला ++++ मिळालं तर उत्तम. ‘वॉटरप्रूफ’ लिहिणाऱ्यापेक्षा ‘वॉटर रेझिस्टंट ४० मिनिटं’ किंवा ‘८० मिनिटं’ असं स्पष्ट लिहिणारा बरा. अमेरिकेत तर २०११ च्या नियमांनी ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘सनब्लॉक’ हे दोन्ही शब्द लेबलवरून काढायला लावले. मालावर उत्पादनाचा परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नसेल तर तो कितीही नैसर्गिक असो, परत ठेवा. घरी झिंकची पुडी आणून खोबरेल तेलात कालवण्याची कृती फिरत असते. तिच्यात कण गुठळ्या धरतात, थर सलग बसत नाही आणि मधल्या फटींतून ऊन आत येतं. नुसत्या खोबरेल तेलावर तर उन्हाच्या बाबतीत मुळीच विसंबू नये.

राखेची झाक

अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली उन्हाला त्वचा कशी वागते त्यावरून वर्गवारी मांडली, आता तिच्यात सहा प्रकार धरतात. आपल्याकडची बहुतेक माणसं चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात. या रंगावर बिनरंगी मिनरल सनस्क्रीन लावलं की चेहरा गोरा न दिसता राखाडी दिसतो, आणि गळा आपल्या जागी तसाच. टायटॅनियमचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याची ताकद) २.६ ते २.७, झिंकचा २ च्या आसपास. म्हणून टायटॅनियमची झाक जास्त. कण बारीक केले की ती घटते, पण जात नाही. खरा उपाय रंगाचा: टिंटेड, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन. यादीत सीआय (रंगद्रव्यांचे ठरलेले क्रमांक) ७७४९१ (लाल), ७७४९२ (पिवळा) आणि ७७४९९ (काळा) हे क्रमांक शोधा.

छटा निवडताना मनगटावर लावून पाहू नका; मनगट चेहऱ्यापेक्षा उजळ असतं. नसा निळ्या की हिरव्या यावरून रंग ठरवायची युक्तीही सावळ्या त्वचेवर बहुधा फसते. त्यापेक्षा जवळच्या तीन छटांचे बोटभर पट्टे जबड्याच्या हाडावर ओढा, अर्धे गालावर, अर्धे गळ्यावर. दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली निकाल देऊ नका, दारात येऊन उजेडात बघा. जो पट्टा शोधावा लागतो तो तुमचा. आणि लगेच पैसे देऊ नका. दोन-तीन तास तसेच राहू द्या. चेहऱ्याचं तेल पावडरीत मुरलं की ती ओल्या मातीसारखी गडद होते, काहींवर चक्क नारिंगी. तेलकट त्वचेने म्हणूनच अर्धी छटा फिकी घ्यावी.

कपाळ आणि हनुवटीचा भाग गालांपेक्षा गडद असणं आपल्याकडे अगदी सर्रास. तिथे गालाची छटा थापली की तोंडाभोवती राखाडी कडं उमटतं. एकतर दोन छटा ठेवा, नाहीतर गडद भागावर आधी नारिंगी-पीच करेक्टर तांदळाच्या दाण्याएवढा टेकवा.

तेलकट त्वचा, आणि तुम्ही राहता कुठे

मुरुम येतात म्हणून झिंकला दोष देतात तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. झिंक कोरडंच असतं, घोळ घालतो तो त्याला धरून ठेवणारा बेस: जड तेलं, मेण, शिया बटर. यादीतली पहिली पाच-सहा नावं वाचा. पाणी किंवा सायक्लोपेंटासिलोक्सेन, डायमेथिकोन असं काही सिलिकोन सुरुवातीला असेल तर तेलकट चेहऱ्याला चालतं. ‘नॉन-कोमेडोजेनिक’ (रंध्रं न बुजवणारं) या शिक्क्याला ठरलेली चाचणी नाही, म्हणून तो दिसला तरी यादी वाचाच.

हीच त्वचा रत्नागिरीत आणि चंद्रपुरात वेगळी वागते. कोकणपट्टीत घाम सुकत नाही. तिथे सिलिकोनच्या बेसचं, पाण्याला टिकणारं सनस्क्रीन पातळ लावावं आणि पावडर फक्त नाक, कपाळ, हनुवटीवर. विदर्भात मे महिन्यात हवा इतकी कोरडी की तेलकट चेहराही वरून ताणल्यासारखा होतो, आतून तेल सुटतच असतं. तिथे काओलिन-सिलिकाची मॅट पावडर लावली तर दुपारपर्यंत नाकाच्या बाजूला भेगा पडल्यासारख्या रेषा दिसतात. खाली ग्लिसरीनचं हलकं जेल आणि पावडर निम्मी, एवढा बदल पुरतो.

कपाळावर एकाच आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या घामाच्या दिवसांत उठल्या तर त्या मुरुम नसून बुरशीच्या असण्याची शक्यता असते. मेकअप बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

वांग असेल तर

इथे टिंटेड सनस्क्रीन ही हौस राहत नाही, ती गरज होते. वांग आणि मुरुमांचे काळे डाग फक्त अतिनील किरणांनी गडद होत नाहीत, डोळ्यांना दिसणारा उजेड, विशेषतः त्याचा निळा-जांभळा भाग, तेच करतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दृश्य प्रकाशाने गोऱ्या त्वचेवर डाग उमटले नाहीत; गव्हाळ ते गडद त्वचेवर मात्र उमटले आणि टिकून राहिले. बारीक कणांचं बिनरंगी झिंक या उजेडाला फारसं अडवत नाही, आयर्न ऑक्साइड अडवतं. म्हणून बिनरंगी एसपीएफ ५० नेमाने लावूनही वांग हलत नसेल, तर आकडा वाढवू नका, रंग आणा. पसंतीचं सनस्क्रीन बिनरंगीच असेल तर त्यावर आयर्न ऑक्साइडचं क्रीम फाउंडेशन नीट झाकेल इतकं लावा. दाबून बसवलेली पावडर त्याहून कमी, पण काहीच नसण्यापेक्षा बरी.

घरात आहोत म्हणून सूट नाही. खिडकीची साधी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए आणि उजेड आत सोडते. खिडकीशेजारी बसून काम असेल तर टेबल फिरवा, ते क्रीमपेक्षा स्वस्त. वांगावर बेसन-लिंबू लावून बाहेर पडणं तर उलटंच: लिंबाच्या सालीतले घटक उन्हाशी मिळून त्वचा भाजतात आणि नवा डाग पडतो. गरोदरपणात वांग येतं तेव्हा डाग घालवणारी बरीच औषधं बंद असतात. टिंटेड झिंक, रुंद काठाची टोपी आणि छत्री यांवरच भर द्यावा लागतो.

नाजूक, खाजणारी, लाल होणारी

लहान मुलांच्या लंगोटाच्या पुरळावर आणि घामोळ्यांवर लावतात त्यात झिंक ऑक्साइडच असतं. कॅलामाइनचा गुलाबी रंगही झिंकमध्ये मिसळलेल्या आयर्न ऑक्साइडचाच. तेव्हा कण सहसा सौम्य. खाज सुटते ती सुगंधाने, काही प्रिझर्व्हेटिव्हनी आणि बिस्मथ ऑक्सिक्लोराइडने. हे तिसरं नाव लक्षात ठेवा (सीआय ७७१६३). पावडरीला मोत्यासारखी चमक आणि मऊ सरकता स्पर्श देतं, म्हणून पुष्कळ ‘सेन्सिटिव्ह’ लिहिलेल्या डब्यांतही असतं. घाम आला आणि ब्रश घासला की काहींना कपाळावर मुंग्या चालल्यासारखं होतं. मिनरल मेकअपने खाज येते अशी तक्रार असेल तर आधी हाच घटक नसलेली डबी घेऊन पाहा.

नवं काहीही कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा सात दिवस लावा. एका दिवसाची चाचणी अपुरी; अ‍ॅलर्जी उगवायला दोन-तीन दिवस लागतात.

एक वेगळाच गट आहे. ‘उजळपणा’साठी औषधाच्या दुकानातून बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन ही स्टेरॉइड असलेली ट्यूब आणून महिनोन्महिने चेहऱ्याला लावलेली माणसं. त्वचा पातळ होते, बारीक लाल नसा दिसतात, उन्हात पाऊल टाकलं की आग. यांना कुठलंच सनस्क्रीन सोसत नाही आणि दोष सनस्क्रीनवर येतो. हा प्रश्न मेकअपचा नव्हे. डॉक्टर गाठा, आणि तोवर छत्री-ओढणी.

कोरडी त्वचा त्या मानाने सोपी. क्रीम किंवा स्टिक प्रकारचं मिनरल सनस्क्रीन घ्या, ज्यात शिया, स्क्वालेन असलं तरी हरकत नाही, आणि लूज पावडर शक्यतो टाळा. ती सुक्या पापुद्र्यांना चिकटून ते उठून दाखवते. पावडरच आवडत असेल तर ओल्या, नीट पिळलेल्या स्पंजने टेकवा.

लावायची पद्धत

तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून टोकापर्यंत सनस्क्रीनच्या रेषेने भरा. चेहरा आणि गळ्याचं हे एका वेळचं माप, साधारण १ ग्रॅम किंवा थोडं जास्त. ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावून दीड महिना जायला हवी. सहा महिने पुरत असेल तर तुम्ही लावताय ते पाव माप. मिनरल क्रीम घट्ट असतं, म्हणून एकदम दोन बोटं थापू नका. एक बोट घ्या, पाच-सहा ठिकाणी टेकवा, पसरवा, दोन मिनिटं थांबा, मग दुसरं. कान, मानेची मागची बाजू आणि भांग विसरतात. ट्यूब आधी हलवून घ्या. झिंक तळाशी बसतं आणि पहिल्यांदा नुसतं तेल-पाणी बाहेर येतं.

आता पंधरा मिनिटं थांबा. मिनरल लगेच काम करतं हे खरं, पण थर सुकून बसायला वेळ लागतो. ओल्या थरावर ब्रश फिरवला की रबराने खोडल्यासारख्या बारीक वळ्या सुटतात आणि त्या वळ्यांबरोबर सनस्क्रीनही निघून जातं. मॉइश्चरायझर जेलचं आणि सनस्क्रीन सिलिकोनचं असलं की हे हमखास होतं. मॉइश्चरायझर कमी करा, चोळण्याऐवजी थापटा. सनस्क्रीनमध्ये फाउंडेशन मिसळून एकाच दमात लावायचा शॉर्टकट नको. सनस्क्रीन पातळ होतं, थर फाटतो, आणि खालचं सनस्क्रीन अ‍ॅव्होबेन्झोन या केमिकल फिल्टरचं असेल तर आवरण नसलेले टायटॅनियमचे कण त्याला लवकर निकामी करतात.

मग पावडर. झाकणात हरभऱ्याच्या डाळीएवढी घ्या, दाट सपाट ब्रश तिच्यात गोल फिरवा म्हणजे ती केसांच्या आत शिरेल, वरची झटका. जबड्यापासून आत, हलक्या गोल हाताने. पहिला थर विरळ वाटतो. पाच मिनिटांनी अंगच्या तेलात बसतो, मग हवं तिथेच दुसरा. घाईत तीन थर चढवले की चेहरा पिठूळ दिसतो. तसं झालंच तर पुसू नका, पाण्याचा बारीक फवारा हातभर अंतरावरून मारून तळहाताने दाबा. पावडर उडताना श्वास रोखा. दम्याच्या माणसाने लूज डबीपेक्षा दाबलेली वडी घ्यावी.

लग्नाला जायचं असेल तर आदल्या दिवशी अंधाऱ्या खोलीत फ्लॅश मारून स्वतःचा फोटो काढा. सिलिका आणि टायटॅनियम जास्त असलेली पावडर आरशात दिसत नाही, फ्लॅशमध्ये मात्र डोळ्यांखाली खडूचे ठिपके होऊन उमटते.

दुपारी

महाराष्ट्रात मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्याच्या आगेमागे दुपारचा यूव्ही निर्देशांक ११ च्या वर जातो. एरवीसाठी सोपी खूण: तुमची सावली तुमच्याहून आखूड असेल तेव्हा ऊन कडक. पावसाळी ढग पातळ असले तर बराच भाग खाली येतोच.

बाहेर काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, आणि इथे मेकअप आडवा येतो. ऑफिसातून फक्त जेवायला बाहेर पडणाऱ्याने टिश्यूने घाम टिपावा (पुसू नये), टिंटेड सनस्क्रीन स्पंजवर घेऊन दाबत जावं, वर थोडी पावडर. दिवसभर रस्त्यावर असणाऱ्याने दुपारी तोंड धुऊन नव्याने लावणं हेच खरं. त्याने सकाळी जड मेकअप करूच नये. नुसती एसपीएफ पावडर पुन्हा मारणं म्हणजे तोच आठवड्याच्या डबीचा हिशेब.

स्कूटरवर चेहऱ्याला बांधायची ओढणी घट्ट विणीची, गडद आणि दुहेरी हवी. विरळ पांढरं सुती कापड कमी अडवतं, घामाने भिजलं की आणखी कमी. ओढणी आणि हेल्मेटचा पट्टा गालावरचं क्रीम पुसून नेतात, म्हणून पोचल्यावर गालांच्या कडा आणि हनुवटीखालचा भाग पुन्हा भरा.

रात्री झिंकचा थर नुसत्या पाण्याने जात नाही. आधी क्लेन्झिंग ऑइल किंवा मायसेलर पाणी, मग फेसवॉश. कानामागे आणि केसांच्या रेषेत पांढरं राहिलंय का बघा, राहिलेल्या थराने तिथे मुरुम येऊ शकतात. ब्रश आठवड्याला शाम्पूने धुवा आणि केस खाली करून वाळवा. जुलैत कोकणात दोन दिवस पंख्याखाली ठेवावा लागतो, नाहीतर मुळाशी बुरशी धरते. ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. उन्हात तापून तेल आणि पाणी वेगळं झालेली ट्यूब हलवून पुन्हा एकजीव दिसते, पण आतले कण गुठळ्या धरून बसलेले असतात. हातावर पसरवून पाहा: खरखर लागली किंवा मधे मधे पारदर्शक पट्टे दिसले तर ती चेहऱ्याच्या कामाची राहिली नाही.